रोजचे जेवण आणि पोटाचे आरोग्य : अभ्यासिकेतल्या आणि चळवळीतल्या तरुणांसाठी

सकाळी उपाशीपोटी चहा, दहा वाजता वडापाव, दुपारच्या जेवणाला चार वाजतात, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी आणि रात्री अकराला पोटभर जेवून लगेच झोप. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या, कामावरून सुटून थेट बैठकीला जाणाऱ्या आपल्या अनेक तरुण-तरुणींचा दिवस असाच जातो. मग छातीत जळजळ, करपट ढेकर, गॅस, पोट साफ न होणे अशा तक्रारी सुरू होतात. त्यावर मेडिकलमधून पित्ताची गोळी नाहीतर पोट साफ करण्याचे चूर्ण आणले जाते. गोळीने चार दिवस बरे वाटते, सवयी मात्र तशाच राहतात.

पोट चांगले ठेवायला महागडी पावडर, परदेशी फळे किंवा खास डाएट लागत नाही, हे आम्हाला या लेखात सांगायचे आहे. भाकरी, डाळ, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, पुरेसे पाणी आणि जेवणाची ठरलेली वेळ एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. आपल्या आजी-आजोबांना पोटभर मिळत नव्हते हे खरे, पण जे मिळायचे त्यात चोथा भरपूर होता. आज पोट भरते, पण ते मैद्याने. हा बदल समजून घेतला तर निम्म्या तक्रारींचे कारण लक्षात येते.

पोटात नेमके काय घडते?

पचन तोंडापासून सुरू होते. दात अन्न बारीक करतात आणि लाळ त्यातल्या पिष्टमय पदार्थांवर काम सुरू करते. गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो. तिथे तीव्र आम्ल असते. हे आम्ल आपले शत्रू नाही. प्रथिनांचे पचन सुरू करणे आणि अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारणे हे त्याचेच काम. साधे जेवण जठरात दोन ते चार तास राहते, तेलकट जेवण त्याहून जास्त. तळलेले खाल्ल्यावर पोट जड वाटते ते त्यामुळेच.

पुढे सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात अन्नातली पोषक द्रव्ये रक्तात शोषली जातात. उरलेला भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येतो. तिथे पाणी शोषले जाते आणि मळ तयार होतो. याच मोठ्या आतड्यात असंख्य उपयुक्त जिवाणू राहतात. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे तंतुमय भाग, हे त्यांचे अन्न. ते चोथा आंबवून जे पदार्थ तयार करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. म्हणून चोथा हा टाकाऊ भाग नाही. तो कमी पडला की मळ कोरडा आणि कडक होतो, जोर करावा लागतो आणि पुढे मूळव्याधीचा त्रास सुरू होऊ शकतो.

चोथा किती आणि कशातून?

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय खाद्यपदार्थांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तो ३ ग्रॅमच्याही आत आहे. पाव, खारी, बिस्कीट, नूडल्स आणि समोशाचे आवरण हे सगळे मैद्याचे. दिवसभर हेच खाल्ले तर पोट भरते, पण आतड्याच्या हाती काहीच लागत नाही.

आता एका साध्या दिवसाचा हिशोब करू. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे १२ ग्रॅम चोथा. एक वाटी डाळीतून ३ ग्रॅम, मोड आलेल्या मटकीच्या वाटीभर उसळीतून ४ ग्रॅम, मेथी किंवा तांदुळजाच्या भाजीतून ३ ग्रॅम आणि एका पेरूतून ५ ग्रॅम. बेरीज झाली २७. यातली एकही वस्तू मॉलमधून आणावी लागत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी. रोज पाव खाणाऱ्याने एकदम उसळी आणि भाकरीवर जोर दिला तर पोट फुगते आणि गॅस होतो. मग "मला कडधान्ये सोसत नाहीत" असे म्हणून तो परत पावाकडे वळतो. चोथा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि त्याबरोबर पाणीही वाढवा. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, शक्य असेल तर मोड आणा. गॅस करणाऱ्या शर्करा त्यामुळे कमी होतात. थोडा गॅस होणे हा आजार नाही. निरोगी माणूसही दिवसातून दहा-वीस वेळा वायू सोडतो.

वेळ पाळणे निम्मे औषध

मेसचा डबा दोन वाजता येतो आणि चार वाजता उघडला जातो, हे अभ्यासिकेतले नेहमीचे दृश्य. खूप वेळ उपाशी राहून एकदम जास्त खाल्ले की जठर ताणले जाते आणि आम्ल वर अन्ननलिकेत येते. छातीतली जळजळ ती हीच. म्हणून आम्ही पुढच्या सवयी सुचवतो.

१. उठल्यावर दीड-दोन तासांत काहीतरी खा. पोहे, उपमा, रात्रीची भाकरी आणि ताक, उकडलेले अंडे, भिजवलेले शेंगदाणे, केळे, जे जमेल ते. एका वडापावाच्या पैशात दोन-तीन केळी येतात.

२. दोन जेवणांत फार मोठे अंतर पडणार असेल तर खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा. ते खराब होत नाहीत आणि मोर्चातही खाता येतात.

३. सावकाश चावून खा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. मोबाइल बघत पाच मिनिटांत जेवणारा हमखास जास्त खातो आणि घासाबरोबर हवाही गिळतो.

४. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. बैठक उशिरा संपणार असेल तर आधी जेवून घ्या आणि नंतर हवे तर हलके काही खा. जळजळ होणाऱ्याने पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावे.

५. दिवसाला साधारण दोन लिटर पाणी प्या. उन्हात काम किंवा प्रचार असेल तर अधिक.

चहा, दूध आणि तंबाखू

चहाशिवाय आपली कोणतीही बैठक होत नाही आणि चहा सोडा असे आम्ही सांगणारही नाही. प्रश्न वेळेचा आहे. उपाशीपोटी चहा घेतला की जठरात आम्ल वाढते. जेवणाबरोबर घेतला की चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते शरीराला मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी जेवणानंतर लगेच चहा ही सवय बहिणींना महागात पडते. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा टाळा. उलट डाळ-भाजीवर लिंबू पिळले की लोह जास्त शोषले जाते.

पित्तावर थंड दूध पिण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. दुधाने थोडा वेळ बरे वाटते, पण नंतर आम्ल पुन्हा वाढते. शिवाय अनेक मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट फुगते किंवा जुलाब होतात. अशांना दही किंवा ताक बहुधा सोसते, कारण विरजणात ती साखर कमी होते.

तंबाखूबद्दल मात्र तडजोड नको. सकाळी मिश्री किंवा चुना-तंबाखू घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे अनेक घरांत सांगितले जाते. निकोटीन आतड्याची हालचाल वाढवते हे खरे आहे, पण ते व्यसन आहे, उपचार नाही. तंबाखूमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते आणि जळजळ वाढते. तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हा तर त्याहून मोठा धोका. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पुडी टपरीवर मिळतेच. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी हा विषय पोटाच्या आरोग्याशी जोडून घराघरांत बोलावा. दारूही जठराच्या अस्तराला इजा करते, मग ती देशी असो की महागडी.

तिखटाने अल्सर होतो का?

आपल्याकडे ठेचा आणि रस्सा तिखट असतो, म्हणून अल्सरचा दोष तिखटाला दिला जातो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की जठराच्या बहुतेक अल्सरमागे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जिवाणू असतो. तेव्हा फारसे कोणी मानायला तयार नव्हते, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः त्या जिवाणूंचे द्रावण पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूवर प्रतिजैविकांचा ठरावीक दिवसांचा कोर्स असतो आणि तो पूर्ण केला तर अल्सर बरा होतो.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आहे वेदनाशामक गोळ्या. अंगदुखी, डोकेदुखी, पाळीच्या दिवसांतले पोटदुखणे यांवर उपाशीपोटी आणि वारंवार गोळ्या घेतल्याने जठराचे अस्तर सोलवटते. शारीरिक कष्ट करणाऱ्या आपल्या माणसांत ही सवय खूप आहे. तिखटाने अल्सर होत नाही, पण असलेली जळजळ वाढू शकते. त्रास होत असेल तर तिखट कमी करा, नसेल तर ठेच्याला घाबरू नका.

मांसाहार आणि 'शुद्ध' आहार

पोट चांगले ठेवायचे तर मांसाहार सोडला पाहिजे, असा प्रचार सर्रास होतो आणि त्यामागे बऱ्याचदा आरोग्यापेक्षा शिवाशिवीची जुनी कल्पना असते. आतड्याला कोणाच्या ताटातले अन्न उच्च आणि कोणाच्या ताटातले हलके हे कळत नाही. अंडी, सुकट, बोंबील, मटण, वजडी यांतून चांगली प्रथिने मिळतात आणि सुकट-अंडी तर स्वस्तातही पडतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच की मांसात चोथा नसतो. म्हणून मटणाच्या ताटात भाकरी, कांदा, काकडी आणि पालेभाजी हवी. वजडी नीट धुऊन पूर्ण शिजवावी. सुकट-बोंबलात मीठ जास्त असते, त्या दिवशी भाजीत मीठ कमी घालावे. एकूण मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे. ज्यांनी स्वतःच्या विचाराने शाकाहार स्वीकारला आहे, त्यांना डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि दही यांतून प्रथिने मिळतात. दोन्ही ताटे चांगलीच आहेत.

संडासचा प्रश्न हा पोटाचाही प्रश्न आहे

रोज एकदाच आणि सकाळीच पोट साफ झाले पाहिजे, असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात काहीही सामान्य असू शकते. मळ मऊ हवा आणि जोर करावा लागू नये, हे महत्त्वाचे. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ती वेळ साधावी आणि आलेली भावना दाबू नये. वारंवार दाबल्याने मळ आतच कोरडा होतो.

पण वस्तीतल्या सार्वजनिक संडासपुढे रांग असेल, वसतिगृहात चाळीस मुलींमागे दोनच संडास असतील, तर सल्ला पाळणार कसा? मोर्चाला किंवा सभेला जाताना बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छ जागा मिळणार नाही. त्यातून बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग असे दोन्ही त्रास होतात. मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने हा प्रश्न लावून धरला. आपल्या गावात, वॉर्डात, वसतिगृहात स्वच्छ आणि पुरेशा संडासची मागणी करणे हेही पोटाच्या आरोग्याचेच काम आहे. कार्यक्रम ठरवताना मंडप आणि माईकच्या यादीत महिलांच्या स्वच्छतागृहाची सोय पहिल्या ओळीत असावी.

कार्यक्रम, शिबिर आणि भोजनदान

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि गावोगावच्या जयंतीत हजारो लोकांना जेवण दिले जाते. ते वाटणाऱ्या मंडळांनी काही गोष्टी काटेकोर पाळाव्यात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच उघड्यावर ठेवू नये. भाताची विशेष काळजी घ्यावी, कारण तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात एकदम न शिजवता टप्प्याटप्प्याने शिजवा. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत, जुलाब-उलट्या होत असलेल्याने वाढायला उभे राहू नये. पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली आणि नळाची असावी, त्यात ग्लास बुडवू देऊ नये. कावीळ आणि टायफॉइड अशाच पाण्यातून पसरतात.

श्रामणेर शिबिरात दुपारी बारानंतर जेवण नसते. अशा दिवसांत सकाळच्या जेवणात भाकरी, डाळ, भाजी नीट असावी, पण पुढच्या भुकेच्या भीतीने ठासून खाऊ नये. दिवसभर पाणी प्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि अल्सर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि शिबिराच्या संयोजकांना तसे सांगून ठेवावे.

जुलाब लागले तर

जुलाबात जीव जातो तो शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. हेच आजचे ओआरएस. त्याची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळते.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा. माप चुकवू नका, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. प्रत्येक जुलाबानंतर घोट-घोट प्या. जेवण बंद करू नका. मऊ भात, डाळीचे पाणी, केळे, ताक चालते. लहान मुलाचे अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल सुस्त झाले, लघवी बंद झाली, मळात रक्त आले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर लगेच दवाखाना गाठा.

गोळी कधी आणि डॉक्टर कधी?

पित्ताची गोळी महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. जास्त काळ घेतल्यास शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि मुख्य म्हणजे खरा आजार झाकला जातो. खाण्याचा सोडा रोज घेणे रक्तदाब असलेल्यांना धोक्याचे आहे. 'पोट साफ' चूर्णांत बऱ्याचदा सोनामुखी असते. कधीतरी घेणे वेगळे, रोज त्याच्यावर विसंबणे वेगळे. त्यापेक्षा भरपूर पाण्यासोबत इसबगोल बरे.

पुढीलपैकी काहीही आढळले तर घरगुती उपाय थांबवून सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा.

- मळातून रक्त, किंवा डांबरासारखा काळा चिकट मळ (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळसर होतो, तसे असेल तर डॉक्टरांना सांगा)
- कारण नसताना वजन उतरणे
- गिळताना अडकणे किंवा सतत उलट्या
- रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी
- दोन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब, किंवा चाळिशीनंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता
- डोळे पिवळे होणे, सोबत ताप

आणि छातीत दुखून घाम फुटत असेल, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. थेट रुग्णालयात जा.

सुरुवात कुठून करायची?

सगळे एकदम बदलायला गेले की आठवड्यात सुटते. पहिल्या आठवड्यात फक्त उपाशीपोटीचा चहा थांबवा. दुसऱ्या आठवड्यात दिवसातले एक मैद्याचे खाणे काढून त्या जागी फळ किंवा फुटाणे आणा. तिसऱ्यात दुपारच्या जेवणाची वेळ पक्की करा. अभ्यासिकेतल्या पाच-सहा जणांनी मिळून मेसवाल्या काकूंना आठवड्यातून तीन दिवस भाकरी आणि उसळ द्यायला सांगितले, तर त्या बहुधा नाही म्हणणार नाहीत. अभ्यास आणि चळवळ दोन्ही लांब पल्ल्याची कामे आहेत. ती करणाऱ्या शरीराला रोज वेळेवर चांगले जेवण मिळाले पाहिजे.